मृत्यूच्या नोंदवहीत नसलेला रकाना

मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ साली देशभर गाजला. मंत्र्यांचे दौरे झाले, समित्या नेमल्या गेल्या, प्रकरण न्यायालयात गेले. त्याला तीन दशके उलटली. पण धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू वस्त्यांवर पावसाळा अजूनही धास्ती घेऊनच येतो.

मूल दगावले की नोंदवहीत न्यूमोनिया, अतिसार किंवा 'जन्मतः कमी वजन' असे कारण लिहिले जाते. वैद्यकाच्या दृष्टीने ते खोटे नसेल. परंतु मूल कमी वजनाचे का जन्मले? आई गरोदरपणी अर्धपोटी होती म्हणून. ती अर्धपोटी का राहिली? घरातले धान्य संपले होते आणि गावात काम नव्हते म्हणून. या कारणांसाठी नोंदवहीत रकानाच नाही. रोगाचे नाव लिहिले की व्यवस्था दोषमुक्त होते!

कित्येक मृत्यू तर नोंदवहीपर्यंत पोचतही नाहीत. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा. तरीही २००१ साली डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'कोवळी पानगळ' या अहवालाला दाखवून द्यावे लागले की, महाराष्ट्रातील प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी आकड्यांहून कितीतरी अधिक आहेत. जे मोजलेच जात नाही, त्याचा जाब कोण कोणाला विचारणार?

हे मृत्यू अटळ नाहीत. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर, ही सेवा नसलेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी घटला. पुढे शासनाने हीच पद्धत देशभरातील 'आशां'वर सोपविली. पण त्यांना वेतन न देता मानधन व मोबदल्यावरच राबविले. शिवाय शुश्रूषेने मूल वाचते, आईची भूक भागत नाही. त्यासाठी काम हवे, धान्य हवे. लोकांचे पोषण व आरोग्य उंचावणे हे राज्याचे कर्तव्य होय, असे संविधानाचे ४७ वे कलम सांगते.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव स्वतःची वही ठेवावी. प्रत्येक मृत्यूपुढे रोगाचे नाव तर लिहावेच. त्याशेजारी त्या घरात धान्य किती होते, हाताला काम कधी मिळाले होते, दवाखाना किती कोसांवर होता, हेही लिहावे. ती वही ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि उत्तर मिळेपर्यंत सभा सोडू नये.