कट बंद झाला की

बाळकुम नाक्यावरून कशेळी पुलाकडे जाणारा रस्ता म्हणजे जुना आग्रा रोड. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं, पुढे काम सुरू झालं आणि रस्त्याच्या मधोमध पत्रे उभे राहिले. शाळेत जाता-येता आम्ही ज्या चाचांकडे स्कूटरमध्ये हवा भरतो, त्यांच्या समोरचा कटही बंद झाला. पंक्चर टायर घेऊन पलीकडचा टेम्पोवाला एवढा वळसा कशाला घालेल? "सर, दुकान जागेवरच आहे, गिऱ्हाईक पलीकडे राहिलं," चाचा म्हणाले.

ज्याची जमीन रस्त्यात जाते त्याला मोबदला मिळतो. ज्याची फक्त वाट बंद होते, त्याचा हिशेब कुणी धरत नाही.

नाशिककडेही तेच. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. तिथं गाडी ठरावीक ठिकाणीच चढते-उतरते. कसाऱ्याच्या जुन्या रस्त्यावरच्या चहावाल्यापुढून ती जातच नाही.

मेट्रो नको असं आम्ही म्हणत नाही. भिवंडीहून लटकत येणारी मुलं आम्ही रोज पाहतो. पण महिनाभर आधी साधी पाटी लावली असती, तर चाचांनी त्याच आठवड्यात पुन्हा अकरा महिन्यांचा भाडेकरार केला नसता.