लंडनहून बॉनला, खिसा सांभाळून

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे 10 क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेतले. तेव्हापासून ते एकदा पाहून यावे, असे आपल्यातल्या अनेकांच्या मनात आहे. तिथवर गेल्यावर जर्मनीतले बॉनही पाहावे; त्या विद्यापीठातही बाबासाहेबांनी नाव नोंदवले होते. पण पतपेढीचे कर्ज काढून निघणाऱ्याने रेल्वेचा हिशेब घरीच करावा.

युरेल पास आकर्षक दिसतो. 4 ते 11 वर्षांच्या मुलांना तो मोठ्यांसोबत फुकट मिळतो, हे खरे. परंतु लंडन-ब्रुसेल्स युरोस्टारला पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे, मुलांचेसुद्धा! दोन-तीन शहरांसाठी आम्ही तरी पास घेणार नाही. सुटी तिकिटे आधी काढावीत. तिथे विमानासारखे भाडे चढत जाते. जर्मन रेल्वेत आईवडिलांबरोबर 14 वर्षांपर्यंतची मुले फुकट, मात्र तिकिटावर त्यांची नोंद हवी. ब्रुसेल्सहून कोलोन, आणि तिथून बॉन अर्ध्या तासावर. त्याला साधी गाडी पुरे.

स्वस्त तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. म्हणून आधी व्हिसा हाती येऊ द्या. ब्रिटनचा वेगळा, जर्मनी-बेल्जियमसाठी शेंगेनचा वेगळा.