घाटाचा राजा आणि घाटाखालचा सायकलस्वार

१/ शनिवार-रविवारच्या पहाटे कर्जत आणि खालापूरच्या रस्त्यांवर हेल्मेटधारी सायकलस्वारांचे थवे दिसतात. त्यांच्यासोबत एक इतिहासही रूढ झाला आहे: या भागात सायकल 'संस्कृती' आली ती मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींबरोबर, गेल्या पंधरा-वीस वर्षांत. हा इतिहास चुकीचा आहे, आणि त्याची किंमत आजही कोणीतरी मोजत आहे.

२/ या इतिहासाची दोन प्रकरणे ठरलेली असतात. पहिले १५ ऑक्टोबर १९२३ चे. त्या दिवशी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर पार करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. दुसरे प्रकरण मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे. खोपोली ते खंडाळा हा चढ सर्वांत आधी पार करणारा 'घाटाचा राजा' ठरतो.

३/ दोन्ही प्रकरणे खरी आहेत आणि त्या सायकलस्वारांच्या पराक्रमाला कोणी उणे लेखू नये. आक्षेप वेगळा आहे. शर्यतीच्या कथेत खालापूर म्हणजे घाटाचा पायथा, आणि कर्जत तर कथेत नाहीच. शर्यत जिथे 'खरी' सुरू होते ती जागा, एवढीच या मुलखाची ओळख उरते. इथला माणूस सायकलीवरून रोज कुठे जात होता, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

४/ तो घाट चढत नव्हता. त्याला चढण्याचे कारणच नव्हते. नकाशा उघडून पाहावा: कर्जत तालुक्यात उल्हास आणि पेज, खालापुरात पाताळगंगा. नद्यांच्या काठाने पसरलेली सखल भातखाचरे, त्यांच्यामधून जाणारे पाच-दहा किलोमीटरचे रस्ते. गिअर नसलेली, वीस किलोच्या आसपास वजनाची काळी सायकल ज्यासाठी घडली तो हाच प्रदेश. सायकलीचा मुलूख घाटाखाली आहे. इतिहासकारांची नजर मात्र घाटमाथ्यावर.

५/ ही नजर जुनी आहे. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्ये वरची खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली आणि १८६३ मध्ये रेल्वेचा घाट पूर्ण होईपर्यंत मधला चढ प्रवाशांना रस्त्यानेच ओलांडावा लागे. या साऱ्या नोंदींचा विषय एकच: वर कसे जायचे. (शिंग्रोबाच्या देवळापाशीसुद्धा आख्यायिका ऐकू येते ती घाटाची वाट दाखवणाऱ्याचीच.)

६/ १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, १९२२ मध्ये भिवपुरीचे. वीजकेंद्र दिवसरात्र चालते, म्हणजे पाळ्या आल्या. पुढे खोपोलीभोवती कागद, पोलाद, रसायने यांचे कारखाने उभे राहिले, म्हणजे आणखी पाळ्या. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी ही खोपोली फाट्यावरची छोटी स्थानके आजही आहेत. परंतु रेल्वेचे वेळापत्रक कारखान्याच्या भोंग्यावर चालत नाही. रात्रपाळी सुटल्यावर घरी नेणारे, कोणाची वाट न पाहणारे वाहन एकच होते. स्वातंत्र्यानंतर ते कामगाराच्या आवाक्यातही येऊ लागले: मद्रासची टी. आय. सायकल्स १९४९ ची, सोनीपतची ॲटलस १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची.

७/ कागदोपत्री पुरावा तुटपुंजा असेल तर वस्तू वाचावी. चेनकव्हर कशाला? धोतर वा पायजमा साखळीत अडकू नये म्हणून. मागचा दणकट कॅरियर दुधाच्या किटलीसाठी, गवताच्या भाऱ्यासाठी, सिमेंटच्या पोत्यासाठी, आणि बहुधा धाकट्या भावासाठी. टायरला घासून फिरणारा डायनामो रात्रपाळीसाठी. रुंद मडगार्ड चिखलासाठी. दुहेरी स्टँड यासाठी की सामान लादताना सायकल आडवी होऊ नये. शर्यतीच्या सायकलीवर यांपैकी काहीही नसते, कारण तिच्यावर कोणी काही वाहून नेत नाही. काळ्या सायकलीचा प्रत्येक जोडभाग कोणत्या तरी कामाची नोंद आहे.

८/ पावसाचेही असेच. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. काळ्या सायकलीचे ब्रेक म्हणजे दांड्यांनी ओढले जाणारे रबराचे गुटके आणि क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम. ओल्या क्रोमवर रबर जवळजवळ घसरतेच. डायनामोचे चाकही ओल्या टायरवर घसरते आणि दिवा मंदावतो. तेव्हा आषाढात रात्री पाळीवरून परतणे म्हणजे अपुरा ब्रेक आणि अपुरा उजेड घेऊन निघणे. वेग कमी ठेवायचा, उतारावर खाली उतरून सायकल हातात धरायची. या कौशल्याला कोणी पदक दिले नाही.

९/ शासनाला मात्र ही सायकल नीट दिसत होती. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ मध्ये पंचायतींना जे कर बसवण्याची मुभा दिली, त्यांत सायकलींवरील कर आहे, बैलगाड्यांसारख्या जनावरांनी ओढायच्या वाहनांच्या शेजारीच. कर घेण्याइतकी ओळख होती. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला तो याच खालापूर तालुक्याच्या जमिनीवरून, आणि त्यावर सायकलीला प्रवेश नाही.

१०/ यावर उत्तर येते: ती बंदी सुरक्षिततेसाठी आहे. मान्य. ताशी शंभरच्या वाहतुकीत सायकल नेणे वेडेपणाच ठरेल. पण द्रुतगती मार्गाचे नियोजन करताना गाव ते कारखाना हा प्रवास कुठून व्हायचा याचा विचार झाला असता, तर जुन्या रस्त्याची कड तरी शाबूत राहिली असती. तिथे डांबर संपते आणि साइडपट्टी वीतभर खाली असते. मागून कंटेनरचा भोंगा वाजला की सायकलस्वाराने त्या खाचेत उतरायचे. घाटमाथ्याजवळ तर जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकत्रच धावतात. आता खोपोली-कुसगाव 'मिसिंग लिंक'. तोही द्रुतगती मार्गाचाच भाग.

११/ दुसरे उत्तर: लोकांनीच सायकल सोडून मोटरसायकल घेतली. अर्धे खरे. ज्याला परवडली त्याने घेतली, आणि का घेऊ नये? तरीही २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के घरांत सायकल होती. फार्महाउसचा माळी, कारखान्याच्या दारावरचा पहारेकरी, शाळेत निघालेली मुलगी हे अजून सायकलीवर आहेत. त्यांची सायकल 'संस्कृती' म्हणून मोजली जात नाही, कारण त्यांनी तिची छायाचित्रे टाकलेली नाहीत.

१२/ पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्ग सुमारे ३० किलोमीटरचा; त्यावर खालापूर तालुक्यातले चौक स्थानक आहे. चौकच्या आसपासच्या गावांतून लोकलसाठी येणाऱ्याला शेवटचे चार-पाच किलोमीटर कापायचे आहेत, म्हणजे सायकलीचे नेमके अंतर. ती सायकल संध्याकाळपर्यंत कुठे कुलूप लावून ठेवायची? छत, साखळी बांधण्याजोगा लोखंडी दांडा, एक राखणदार, एवढीच ही मागणी आहे. रविवारच्या मंडळींना ती सुचणार नाही. त्यांची सायकल मोटारीच्या मागे बांधून घरी जाते. सायकलीचा इतिहास खेळाचाच मानला तर योजनाही खेळाच्या होतात: रंगवलेली मार्गिका, वर्षातून एकदा रॅली, झेंडा दाखवायला पाहुणे.

१३/ घाटाच्या राजांची नावे वर्तमानपत्रांत छापली गेली. घाटाखालच्या सायकलींची नोंद असेल तर ती पंचायतींच्या करवसुलीच्या वह्यांत, तासावर सायकल भाड्याने देणाऱ्या दुकानांच्या हिशेबात, कुणाच्या ट्रंकेतल्या करपावतीत. इतिहासाची आवड असलेल्या कर्जत-खोपोलीच्या तरुणांना त्यासाठी मुंबईच्या अभिलेखागारात जाण्याची गरज नाही. ग्रामपंचायत कार्यालय सायकलीच्या अंतरावर आहे. दप्तर रद्दीत जाण्यापूर्वी पोहोचावे लागेल.