तिहाई नसलेलं संगीत

परवा एक काम हातावेगळं झालं. पाऊण तासाची एक संगीतरचना. तिच्यात शब्द नाहीत, ताल नाही. नवी मुंबईचे आवाज आणि त्यांच्याखाली मिरजेचा तानपुरा, एवढंच. या प्रकाराला ॲम्बियंट म्हणतात. नेरुळला राहायला आलो तेव्हा सुरू केलेली ही रचना. मुलगी त्या वेळी शाळेत होती, आता ती नोकरी करते. इतकं का लांबलं, असं घरचे विचारायचे. खरं कारण एकच. हे संगीत आपणहून संपत नाही.

आपला कान बंदिशीवर वाढलेला. तिहाई सुरू झाली की श्रोता सरसावून बसतो, सम आली की मान आपोआप डोलते. तानपुऱ्याला मात्र सम नाही. तो गायकाच्या आधी सुरू होतो आणि गायक थांबला की थांबतो. ॲम्बियंट म्हणजे मला गायकाविना वाजत राहिलेला तानपुराच वाटतो. मग त्याला थांब म्हणायचं कोणी?

हा प्रश्न ॲम्बियंट संगीतकार ब्रायन इनोलाही पडला असणार. ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’ ही त्याची ध्वनिमुद्रिका 1978ची. कल्पना सुचली ती जर्मनीत कोलोनच्या विमानतळावर ताटकळत असताना. तिच्यातल्या एका रचनेत नुसते गायलेले सूर आहेत. एकेक सूर टेपच्या एकेका लांबलचक वेटोळ्यावर, आणि टेप इतकी लांब की ती स्टुडिओतल्या ॲल्युमिनियमच्या खुर्च्यांभोवती फिरवावी लागली. एक वेटोळं साडेतेवीस सेकंदांचं, दुसरं सव्वीसला जरा कमी, तिसरं तिसाला जरा कमी. त्याने सांगितलेले अपूर्णांक धरून मी हिशोब मांडला. ही तिन्ही वेटोळी एकाच क्षणी सुरू केली तर पुन्हा एकत्र यायला सुमारे 27 दिवस लागतात. एवढी लांब सम! ध्वनिमुद्रिकेवर ती रचना आहे जेमतेम नऊ मिनिटांची. म्हणजे तिथेही शेवट गणिताने दिलेला नाही, माणसाने ठरवलेला आहे. हे कळलं आणि मला फार बळ आलं.

माझ्या रचनेचा षड्ज सोसायटीच्या मागच्या डीपीने दिला. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा गाभा सेकंदाला 100 वेळा थरथरतो. पेटीवर लावून पाहिलं तर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. रात्री माइक कुठेही ठेवा, हा सूर कुठून तरी येतोच. मग त्याला हाकलण्यापेक्षा तानपुराच त्याच्याशी जुळवला. जवारीचा दोरा केसभर सरकवला की तार अशी खुलते की डीपी कुठे संपली आणि तानपुरा कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही. या सगळ्या कामात मला सर्वांत आवडलेली जागा ही.

त्यावर बाकीचे आवाज बसवले. करावेच्या खाडीत ओहोटीला चिखलातले बुडबुडे फुटल्याची चटचट. रोहित पक्ष्यांचा गलका, थेट बदकांसारखा. एवढ्या देखण्या पक्ष्याकडून तो अपेक्षित नसतो. वाशीच्या पुलावरून जाणारी हार्बरची लोकल. आणि खाडीपलीकडून दबका येणारा सुरुंगांचा आवाज. उलव्याची सुमारे 90 मीटर उंचीची टेकडी नवी मुंबईच्या विमानतळासाठी फोडली जात होती, नदीचा प्रवाह वळवला जात होता, 10 गावं उठत होती. तेव्हा मी नुसता लेव्हल बघत बसायचो. आज त्या फाइल्स ऐकताना आधी टेकडी आठवते, मग संगीत.

25 डिसेंबर 2025ला त्या विमानतळावरून विमानं उडू लागली. त्यांचा आवाजही घ्यायचा, म्हणजे काम आणखी काही वर्षं चाललं असतं, आणि मोह झालाच. पण माझी रचना विमानांच्या आधीच्या गावाची आहे. जे गाव कानात धरायला बसलो होतो त्याचं ऐकणं पुरं झालं होतं. थांबायला याहून चांगली जागा मला सापडली नसती.

शेवट कसा करायचा यावर मात्र बरेच दिवस गेले. फेड-आउट नको होतं. आवाज हळूहळू लांब गेला की ऐकणाऱ्याला वाटतं, तो पुढे कुठेतरी चालूच आहे. आणि इथे तर टेकडी राहिलेली नाही. म्हणून एकेक थर सरळ काढून घेतला: आधी पक्षी, मग लोकल, मग तानपुरा. डीपीचा सूर उरला, तोही एका ठिकाणी कापला.

आता मूळ ध्वनिमुद्रणांचं काम काढलं आहे. मिक्समध्ये सुरुंग तानपुऱ्याखाली दबलेले आहेत, ते योग्यच. पण ज्यांची घरं तिथे होती त्यांना तो आवाज कोणत्याही सुराशिवाय, जसाच्या तसा मिळायला हवा. प्रत्येक फाइलवर तारीख, वेळ आणि मी कुठे उभा होतो ते लिहितो आहे. उलवे परिसरातल्या त्या गावांपैकी कोणाला, किंवा तिथल्या एखाद्या शाळेला, या फाइल्स हव्या असतील तर विनामूल्य देईन. यादी पुरी व्हायला पावसाळा उजाडेल.