रात्रीची जाग
अब्बा रात्री चार-पाच वेळा लघवीला उठत. लाजेपोटी आम्हाला बोलले नाहीत, पाणी पिणेच कमी केले. एका रात्री अंधारात पाय घसरला, तेव्हा आम्हाला कळले. डॉक्टरांनी साखर तपासली. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली निघाली. औषध सुरू झाले. आता पाणी दिवसा भरपूर, इशानंतर घोटभर. संध्याकाळचा चहा बंद. न्हाणीच्या वाटेवर आम्ही छोटा दिवा लावतो.

अजूनही दोनदा जाग येतेच. दुसऱ्यांदा उठले की अब्बा वुजू करून तहज्जुद पढतात. म्हणतात, "बेटा, झोप गेली म्हणून कुढत होतो, अल्लाहने वेळ दिलाय हे उशिरा कळलं."

घरातल्या वडीलधाऱ्यांना आपणहून विचारा. इलाज आपण करावा. शिफा देणारा अल्लाह आहे.