विकत घेतले, तरी आपले नाही

छापील पुस्तक टिकणार की मोबाइल जिंकणार, हा वाद आता जुना झाला. २०१६ मध्ये किंडलवर मराठी ई-पुस्तके अधिकृतपणे आली, पुढे श्राव्य पुस्तकेही रुळली. शहरी घरांत कपाटाला जागा नाही आणि परदेशातील वाचकाला टपालखर्च जड जातो. तेव्हा ही सोय नाकारण्यात हशील नाही. खरा प्रश्न मालकीचा आहे.

२००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान गुंडाळले. ग्राहकांचे पैसे परत आले, पुस्तके मात्र गेली. कारण पैसे मोजून मिळतो तो बहुधा वाचनाचा परवाना. छापील प्रत मित्राला देता येते, रद्दीवाल्याला विकता येते. इथे सहसा दोन्ही नाही.

म्हणूनच सार्वजनिक ग्रंथालयांनी या व्यवहारात उतरायला हवे. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा, म्हणजे छापील ग्रंथांच्या काळातला. ई-पुस्तके सभासदांना घरपोच उसनी मिळावीत, यासाठी अनुदानात स्वतंत्र तरतूद हवी. प्रकाशकांचीही अडचण समजून घ्यावी. युनिकोडपूर्व फाँटांतील जुन्या फाइली बदलताना रफार सरकतो, जोडाक्षरे फुटतात, मुद्रितशोधन नव्याने करावे लागते. हा खर्च छोट्या प्रकाशकाला पेलणारा नाही. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे सोहळे झाले. आता सरकारने या कामासाठी पैसे काढावेत.