बारावीला विचारतो कोण?

‘सीईटी आली, बारावी संपली’ हा एका पत्रलेखकाचा सूर अर्धाच खरा आहे. अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, हे मान्य. पण पात्रतेसाठी बारावीत भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून खुल्या गटाला ४५, राखीव गटाला ४० टक्के लागतातच. खुल्या गटातल्या मुलाचे पर्सेंटाइल नव्वदीपार असले, तरी बोर्डात या तीन विषयांत ४४ टक्के पडले की तो अपात्र. शिवाय सीईटीचा सुमारे ८० टक्के भर बारावीच्याच अभ्यासक्रमावर असतो! बी.ए., बी.कॉम.ला तर बहुतेक ठिकाणी बारावीचेच गुण पाहतात. बारामतीला क्लास लावून कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलपुरते उगवणाऱ्या आमच्या मुलांना हे प्रवेशाआधीच सांगायला हवे.

— एक पालक, इंदापूर